हवा कुठून शिरते

३ मार्च, मंगळवार
गाडी सिग्नलला बंद पडली. मागच्याने हॉर्न वाजवला. लोकांना धीर म्हणून नाही. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, जुनी गाडी आहे, मध्ये मध्ये दम घेते.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. आता त्यांना त्यांच्या घरी सोडायचं, चार तासांचा रस्ता. साडूचा फोन आला. म्हणे रविवारी मी सोडतो आईंना, नव्या गाडीत धक्का म्हणून जाणवत नाही. मी शांतपणे सांगितलं की त्यांना मी स्वतः सोडणार, आमच्या गाडीतून. फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं.

४ मार्च, बुधवार
बॉनेटखालून फुसफुस आवाज येतो. मेकॅनिककडे नेली. तो कान लावून म्हणाला, इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइपाला, लीक आहे, इंजिन कुठल्यातरी फटीतून चोरून हवा ओढतंय, म्हणून वेग कमी झाला की बंद पडतं. आत धूर सोडून फट शोधावी लागेल, गाडी ठेवून जा. म्हणजे ज्या गाडीतून धूर येत नाही तिच्यात हा स्वतः धूर भरणार. गाडी घेऊन घरी आलो.

वाहनविम्याच्या ऑफिसात माझी निम्मी हयात गेली. किती ठोकलेल्या गाड्यांचे फोटो माझ्या टेबलावरून गेले याला गणती नाही. गाडीचं मला कळतं ते उगाच नाही. एक फट शोधायची. रविवारचं काम.

७ मार्च, शनिवार
स्पार्क प्लग बदलले. एअर फिल्टर बदलला. फुसफुस तशीच. म्हणजे दोष प्लगात नाही आणि फिल्टरमध्येही नाही, एवढं सिद्ध झालं. प्रगती आहे.

जेवताना सासूबाईंनी सांगितलं की त्यांच्या शेजारच्या ताई घर विकून कायमच्या मुलीकडे चालल्या आहेत, वीस तारखेला. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. लग्न होऊन आल्यापासून रोज कुंपणाशी उभ्या राहून बोलणं. वीसच्या आत मला घरी असायलाच हवं, म्हणाल्या. मी म्हटलं, वीस कशाला, दहालाच सोडतो. बायको ताटाकडे बघत राहिली. तिला दोन दिवस बरं वाटत नसावं.

८ मार्च, रविवार
साबणाचं पाणी करून सगळ्या नळ्यांवर आणि जोडांवर मारलं. पंक्चरवाले करतात तसं. जिथे बुडबुडे तिथे फट. तासभर वाकून बघितलं, एक बुडबुडा आला नाही. म्हणजे लीक नाहीच. मेकॅनिकला फोन करून तसं सुनावणार होतो. तेवढ्यात बायको गॅलरीतून म्हणाली की इंजिन हवा आत ओढतं ना, मग बुडबुडे बाहेर कसे येतील? मी म्हटलं, तेच तपासत होतो.

कंबर धरली आहे.

११ मार्च, बुधवार
नवी युक्ती. थांबली की बंद पडते, तर थांबायचंच नाही.

सासूबाईंना डोळे तपासायला न्यायचं होतं. सिग्नल लाल दिसला की मी डावीकडे वळायचो. पुढे लाल, पुन्हा डावीकडे. गाडी अप्रतिम चालली. दवाखान्यासमोरून जाताना वेग कमी करावा तर इंजिन आचके द्यायला लागलं, म्हणून तसाच पुढे गेलो आणि वळसा घेतला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या फेरीला सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, दवाखाना पुन्हा गेला." मी म्हटलं, मला दिसतोय. त्यानंतर त्यांनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. पुढच्या फेरीला गाडी आपोआप बंद पडली, आणि नेमकी दवाखान्याच्या दारात. याला गाडीवरचा हात म्हणतात. परत येताना सासूबाई रिक्षाने आल्या. त्यांना म्हणे मोकळी हवा हवी होती.

१४ मार्च, शनिवार
सापडलं!

कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे आणला. इंजिन चालू ठेवून एकेका जोडावर थोडा थोडा मारत गेलो. नळ्यांवर काही फरक नाही. इनटेकचा मोठा पाइप इंजिनाला जिथे बोल्टने बसवलेला आहे, तिथे मारला आणि आवाज एकदम बदलला. फटीतून स्प्रे आत गेला. म्हणजे मधलं गॅस्केट फाटलंय. मी अंगणात ओरडलो. वरच्या मजल्यावरचे काका खिडकीत आले. त्यांनाही समजावून सांगितलं. ते खिडकी लावून आत गेले.

घरात मात्र वातावरण बरोबर नाही. सासूबाई रोज सकाळी बॅग भरून हॉलमध्ये खुर्चीवर बसतात आणि संध्याकाळी बॅगेतून रात्रीचे कपडे काढतात. बसने जाते म्हणाल्या. मी म्हटलं, ऑपरेशन झालेल्या माणसाला मी बसने पाठवू? लोक काय म्हणतील? साडूचा पुन्हा फोन. मी म्हटलं, आमचं ठरलंय. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि विचारलं, "आई आपल्याकडे पाहुणी आहे की ओलीस?"

तिला यंत्रांमधलं कळत नाही, त्यामुळे असं होतं.

१५ मार्च, रविवार
इनटेक उघडला. वरचे बोल्ट लगेच निघाले. खालच्यांपर्यंत हात पोचत नाही. पोचला तर पाना फिरत नाही. पाना फिरला तर हात बाहेर येत नाही. हात मनगटापर्यंत आत अडकलेला असताना बायको आणि सासूबाई फिरायला निघाल्या. मी हात हलवावा म्हटलं, तर तो आत.

शेवटी तेल लावून सोडवला. गाडीची आतडी वर्तमानपत्रावर मांडून ठेवली आहेत. काकांची स्कूटर त्या पसाऱ्यापलीकडे अडकली. ते चालत जातायत. त्यांच्या तब्येतीला ते चांगलंच आहे.

गॅस्केट दुकानात नाही. मागवलंय. बुधवारी येईल. ऑफिसला रजा कळवली, घरगुती अडचण म्हणून.

१८ मार्च, बुधवार
गॅस्केट आलं आणि बसवलंसुद्धा. खात्रीसाठी दोन्ही बाजूंनी सीलंट थापलं. एक बोल्ट आवळताना तुटला. उरलेले भरपूर आहेत. कंपन्या उगाच जास्तीचे देतात. गाडी सुरू केली. फुसफुस नाही! डोळे भरून आले. सीलंटच्या ट्यूबवर लिहिलंय की पूर्ण एक दिवस वाळू द्या. हे सूचना न वाचणाऱ्यांसाठी असतं. मी वाचली, म्हणजे काळजी घेतलीच.

सासूबाईंना सांगितलं, उद्या सकाळी नऊला निघायचं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाल्या. भारावल्या असाव्यात.

१९ मार्च, गुरुवार, सकाळ
खोलीत सासूबाई नाहीत. चादरीची घडी पलंगावर. बायकोने सांगितलं की तिने त्यांना पहिल्या बसला बसवून दिलं. शेजारच्या ताईंचा काल फोन होता. ट्रक एक दिवस आधी मिळाला, त्या आज संध्याकाळीच निघणार. आई म्हणाली, जावईबापूंना उठवू नकोस, उगाच वाईट वाटेल.

म्हणजे मला विश्रांती मिळावी म्हणून. असा विचार करणारी माणसं आता कमी.

पण डोळ्यांत घालायचे थेंब टेबलावरच राहिले! बायको म्हणाली तिथल्या दुकानात मिळतात. मी किल्ली घेतलीसुद्धा होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ, सासूबाईंच्या घरी
प्रवास उत्कृष्ट. हायवेला थांबायचा प्रश्नच येत नाही. एका चढावर तर मी एका ट्रॅक्टरला मागे टाकलं.

सासूबाईंची गल्ली चढाची आणि अरुंद. गाडी वळवताना वेग कमी केला आणि ओळखीचा आवाज आला. फुसफुस नव्हे, चांगली शिट्टी. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद. पुन्हा सुरू करता करता बॅटरीही गेली. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर नाही, पेडल दगडासारखं. चाकांमागे विटा लावल्या. वर, शेजारच्या फाटकात, सामानाने भरलेला ट्रक निघायच्या बेतात. त्याला बाहेर पडायला तेवढी एकच वाट.

ट्रकवाला खाली आला. गाडीला एक फेरी मारली. अशा उतारावर मागे ढकलली तर खालच्या दुकानात जाईल म्हणाला. उद्या सकाळी दोर आणि माणसं आणतो. आणि बस पकडून घरी गेला. शेजारच्या ताईंच्या घरात झोपायला गादीसुद्धा उरली नव्हती. सगळं ट्रकमध्ये. त्यामुळे त्या सासूबाईंकडेच राहिल्या.

मी बॉनेट उघडून उभा होतो. सासूबाई खाली आल्या. मी थेंबांची बाटली दिली. त्यांनी ती न बघताच पदरात धरली. मग हळूच विचारलं, "उद्या सकाळपर्यंत काही दुरुस्त होणार नाही ना?"

मी म्हटलं, अहो, दहा मिनिटांत करतो.

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "नीट वेळ घेऊन करा."

माझ्या पद्धतशीर कामाची कदर करणारं घरात कुणीतरी आहे. खरं तर पाना गाडीतच होता, हातही जात होता. पण एवढं सांगितल्यावर घाई कशाला? बॉनेट लावलं. आता बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडलोय. आत दोघींचं बोलणं चालू आहे. मध्येच हसतात. कशाला ते कळत नाही. एकदा माझं नाव आल्यासारखं वाटलं.

२० मार्च, शुक्रवार
सकाळी ट्रकवाला चार माणसं आणि दोर घेऊन आला. गाडी दोराने धरून वर, ताईंच्या फाटकाच्या जरा पुढे ओढत नेली आणि कडेला लावली. मी स्टीअरिंगवर होतो. सगळ्यात अवघड भाग तोच.

वाट मोकळी झाली तशा ताई निघाल्या. ताई ट्रकच्या केबिनमध्ये चढल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या चपला खालून वर दिल्या. ट्रक गेल्यावरही सासूबाई कुंपणाशी उभ्या राहिल्या. मी गाडीच्या दुरुस्तीचा बेत सांगायला गेलो. मेकॅनिक, तुटलेला बोल्ट, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चहा ठेवते म्हणून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ट्रेमध्ये तीन कप होते. त्यांच्याही ते लक्षात आलं. तिसरा मी प्यालो.

साडू रविवारी येतोय, गाडी ओढून न्यायला. मी नाही म्हटलेलं नाही.

गाडी ताईंच्या रिकाम्या घराच्या फाटकाशीच उभी आहे. आता तिथे कुणाची अडचण होत नाही.

दुपारची बस आहे.