पडद्याची गंमत

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. मी खाऊनपिऊन सुखात आहे, असं आईला आधी सांग. तिचे गुडघे काय म्हणतात?

काल चर्चमधल्या लग्नासाठी जाळीची ओढणी घ्यायला गेलो. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, झगा साधा आहे, तर ओढणी भरगच्च हवी, तोंडावरून पार पायांपर्यंत. दुकानातल्या बाईंनी दहा ओढण्या दाखवल्या. मी एक हातात धरून म्हटलं, "ही बघा, अंगावर किती छान पडेल!" तर तो खिडकीचा पडदा! सगळे पोट धरधरून हसले. तुझे होणारे मेहुणे म्हणाले, "हिच्या चेष्टेला तोड नाही."

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

दादा, मी चेष्टा केली नव्हती. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. डॉक्टर म्हणतात, नजर आणखी कमी होत जाईल, कुठे थांबेल ते सांगता येत नाही. इथे कुणालाच माहीत नाही. आज सांगते, आज सांगते असं रोज ठरवते, आणि त्यांच्यासमोर जीभच उचलत नाही. सांगितलं आणि त्यांनी नको म्हटलं तर? न सांगता लग्न केलं तर ती फसवणूकच ना?

शेवटी सासूबाईंच्या पसंतीची ओढणी घेतली. ती तोंडावर आली की समोर नुसतं दूध.

लहानपणी अंधाऱ्या जिन्यात तू माझ्यापुढे चालायचास आणि पायरी आली की खाकरायचास. लग्नाच्या दिवशीही पुढे चाल. चर्चमध्ये तीन पायऱ्या आहेत, मी पायांनी मोजून आले आहे.

तरी खाकर.

तुझी भित्री
धाकटी