"तुझ्याकडे?" "माझ्याकडे."

७ मार्च

पोचले एकदाची! बस सोडल्यावर दुपारभर चढण, विंचवासारखं पाठीवर बिऱ्हाड, आणि वर स्वागताला कोण, तर हे एवढं मोठं रिकामं आकाश. ताईने निघताना ऐकवलंच, की भरपगारी रजा काढून फुकटात घारी मोजायला जाणारी आपल्या घराण्यात तूच पहिली. असू दे. ऑफिसात तरी मी दुसरं काय करते? आकडेच मोजते, आणि ते उडतही नाहीत.

कड्याच्या टोकावर लाकडी खोली आहे. आत खाटा, धूर ओकणारा स्टोव्ह, आणि खिडकीवर ससाण्याची काळी कागदी आकृती, म्हणजे लहान पक्षी काचेवर आपटत नाहीत. आम्ही तिघं: मी, सगळे ज्यांना 'काका' म्हणतात ते, आणि एक नर्सबाई. काका आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत होते, त्यामुळे डोळा असा की ढगाजवळचा ठिपका बघून गरुड की घार ते सांगतात. नर्सबाई नुकतीच निवृत्त झालेली, जिचा आवाज वॉर्डाच्या पार टोकाला जाईल. पहिल्याच चहाला तिने माझं नाव 'पाहुणी' ठेवून टाकलं. वसंतात उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी या खिंडीवरून जातात, आणि आम्ही महिनाभर फक्त वर बघायचं. मला हे फार आवडलं आहे.

११ मार्च

मान आखडली, नाक सोललं, तरी मजेत आहे. इथला एक रिवाज लिहून ठेवते. दुर्बिणीत धरलेला पक्षी असाच सोडायचा नाही. दमलात तर शेजारच्याला विचारायचं, "तुझ्याकडे?" त्याला तो खरंच दिसला की त्याने म्हणायचं, "माझ्याकडे." मगच आपण डोळा काढायचा. नाहीतर एकच घार दोनदा मोजली जाते, किंवा मुळीच नाही. काल मी उत्साहाच्या भरात न दिसताच "माझ्याकडे" म्हणून मोकळी झाले. काका रागावले नाहीत. खोट्या "माझ्याकडे"पेक्षा खरं "नाही दिसला" बरं, एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माणसांनाही हाच नियम. पाण्याचा झरा खाली आहे आणि वाट कड्याला चिकटून जाते, एक वरचं वळण, एक खालचं. उतरणाऱ्याने विचारायचं, वरच्याने डोळा ठेवायचा. खालचं वळण पार झालं की काका आपला नारिंगी मफलर हलवतात. त्यांच्या मुलीने विणलेला आहे, आणि एका बाजूला चक्क वाकडा आहे. तेच ते सगळ्यांना कौतुकाने दाखवतात.

१८ मार्च

लिहायलाच हवं.

नर्सबाई सामान आणायला गावात गेली होती. काका कॅन घेऊन निघाले आणि त्यांनी विचारलं. त्याच वेळी माझ्या दुर्बिणीत पांढऱ्या खांद्यांचा गरुड आला. काका ज्याची रोज वाट बघत होते, तोच. मी आकाशातून डोळा न काढता म्हटलं, माझ्याकडे. परत आले की त्यांना दाखवीन, किती खूश होतील, हेच डोक्यात होतं. गरुड डोंगराआड गेला तेव्हा खाली पाहिलं. वाट रिकामी होती. पोचले असतील, असं समजून मी चहा टाकला.

चहा गार झाला.

शोधपथक आलं. त्यांचा पहिला प्रश्न, शेवटचे कुठे दिसले? मी म्हटलं, खालच्या वळणावर. मफलर हलवला त्यांनी. मफलरचं कुणी विचारलंही नव्हतं.

१९ मार्च

काका सापडले. नाल्यात. पथक अंधार पडेपर्यंत खालच्या वळणापलीकडेच शोधत होतं, माझ्या शब्दावर. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत जिवंत असावेत.

नर्सबाई मला कुशीत घेऊन म्हणाली, तू तरी काय करणार होतीस गं? मी तिच्या खांद्यावर ढसाढसा रडले, पण गरुडाचं सांगितलं नाही.

२१ मार्च

पथकाने, अजूनही माझ्याच शब्दावर, खालच्या वळणावर दोर बांधला. तिथून पुढे जायचं नाही. वरची वाट पक्की आहे म्हणे.

मी एकटी बघून आले. वरच्या वळणावर कडेची माती ताजी तुटली आहे, आणि मधला मोठा दगड पाय ठेवला की डुगडुगतो. खडकाच्या कपारीत नारिंगी लोकरीचा धागा होता. सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल.

धागा खिशात टाकला.

२३ मार्च

आज दिवसभर एक ठिपका. सगळे पक्षी उत्तरेला सरकतात, हा जागचा हलत नाही. पंख नाहीत. नर्सबाईला म्हटलं, तुझ्याकडे? तिने डोळा लावला आणि म्हणाली, पाहुणे, आभाळ कोरं आहे, जरा झोप काढ.

म्हणजे तो माझ्याकडेच आहे. कुणी घेतल्याशिवाय सोडता येत नाही.

२५ मार्च

आता मोठा झालाय. दुर्बिणीत नीट दिसला.

वर बघत होते मी. वरच. तरी दिसला तो नाला. दगड, पाणी, आणि पाठीवर पडलेले काका. मी जणू उंचावरून त्यांच्याकडे बघते आहे. डोळे उघडे. एका हाताने मफलर हलवताहेत. सावकाश, पुन्हा पुन्हा. कुणालातरी दिसावा म्हणून.

त्या संध्याकाळी असाच हलवला असेल.

२६ मार्च

ओठ हलताहेत. आवाज नाही. पण मला कळतं काय विचारताहेत. तेच —

मला न्यायला आलेत. येऊ देत. माझी लायकी तीच आहे.

२७ मार्च

काकांची मुलगी आली. हनुवटी अगदी त्यांच्यासारखी. बाबांनी खरंच मफलर हलवला का, हे तिने मला दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. ती हसली. रडत रडत हसली. म्हणाली, मग शेवटी ते एकटे नव्हते.

उद्या सांगेन. उद्या नक्की —

२८ मार्च

ती निघाली. दोरापर्यंत जाऊन येते म्हणाली. नर्सबाई गावात. मी सांगणारच होते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिने वळून विचारलं, बाबांनी शिकवलं असणार — "तुमच्याकडे?"

आणि सवयीने —

माझ्याकडे.

डोळा लावला. वाट दिसत नाही. काकाच. अगदी जवळ. आता पडलेले नाहीत, उभे आहेत. माझ्याकडे बघतही नाहीत — हात लांब करून दाखवताहेत — वरचं वळण — तो दगड —

मला न्यायला नाही. इतके दिवस हेच सांगत —

हाक मारायला हवी. पुन्हा दुर्बिणीला डोळा लावायची हिंमत नाही, म्हणून वहीत तोंड खुपसून — पण मी लिहिते आहे, म्हणजे आत्ता ती कुणाकडेच