ऑइलच्या झाकणाखालची पांढरी साय

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. गुडघे कामातून गेले आहेत, पण डोके शाबूत आहे, आणि कायद्याला डोके पुरते असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर माझ्या पत्नीचे. तिच्या पश्चात ते मुलीचे. माझ्या कपड्यांवरच्या ग्रीसचा वास या घरातून चाळीस वर्षांत गेला नाही, त्याबद्दल पत्नीने मला माफ करावे.

२. बँकेतील ठेव मुलीची. गॅरेज तिने चालवावे किंवा विकावे, तिची मर्जी. लोक काय म्हणतील याचा विचार करू नये. लोक स्वतःच्या गाडीचे ऑइलसुद्धा वेळेवर बदलत नाहीत.

३. हत्यारे गॅरेजसोबत जातील. मोठा टॉर्क पाना शेजारच्या डेंटिंगवाल्याकडे सहा वर्षे आहे. तो या कागदावर साक्षीदार असल्याने त्याला माझ्याकडून काही मिळू शकत नाही, तेव्हा पाना परत घ्यावा.

४. जुन्या गाड्यांच्या एजंटाला मी एकोणीस वर्षांपूर्वी भर चौकात चोर म्हटले. त्याचे गिऱ्हाईक तुटले. माझे ते बोलणे म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा होत्या. कलम पाच त्याला वाचून दाखवावे आणि माझ्या वतीने मुलीने त्याची माफी मागावी.

५. आता मागच्या शेडमधली राखाडी सेडान. ती मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे. ती मुळात त्याचीच होती.

एकोणीस वर्षांपूर्वी ही सहा वर्षे वापरलेली गाडी त्याने एजंटाकडून ठरवली. मला विचारले नाही, ऑफिसातल्या मित्राला विचारले. सख्खा भाऊ मेकॅनिक असताना! बयाणा देऊन झाल्यावर गाडी माझ्या दारात आणली आणि म्हणाला, "दादा, एकदा नजर टाक ना. तू बरी म्हणालास तर उद्या उरलेले पैसे देतो."

मी ऑइलचे झाकण उघडले. आतून पांढरी साय धरलेली होती. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग. हेड गॅसकेट गेले, पाणी ऑइलमध्ये उतरते आहे, हे कोणत्याही मेकॅनिकला पाहताक्षणी कळते. तेव्हाचा खर्च बावीस हजार. तेवढे सांगितले असते तर सौदा तिथेच मोडला असता.

मी साय फडक्याने पुसली, झाकण लावले आणि म्हणालो, "छान आहे. घे."

मला वाटले, एकदा गाडी तापेल, मग येईल झक मारत माझ्याच दारात. फुकट दुरुस्त करून द्यायचे आणि चार शब्द सुनवायचे, एवढाच माझा बेत होता.

तेविसाव्या दिवशी आईला दवाखान्यात हलवले. धाकटा परगावी होता, कळताच निघाला. अर्ध्या वाटेत इंजिन तापून जाम झाले. तो चार तास रस्त्याच्या कडेला हात दाखवत उभा होता. इकडे आईने मला दोनदा विचारले, "धाकटा निघाला का रे?" दुसऱ्यांदा मी म्हणालो, "निघालाय. गाडी छान आहे त्याची." तो पोचला तेव्हा सगळे संपले होते.

त्यानंतर धाकट्याने गाडी चालवली नाही. "तापमानाचा काटा वर गेला होता, माझंच लक्ष नव्हतं," असे तो आजही म्हणतो. मी प्रत्येक वेळी मान खाली घालून ऐकतो. मला माझीच लाज वाटते.

भंगारात चाललेली ती गाडी मी गुपचूप विकत घेतली. जमेल तसे काम केले. इंजिन पूर्ण उघडून बांधले, हेड लेथवर घासून घेतले, नवे गॅसकेट, वॉटर पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट: एकंदर अडतीस हजार. क्लच नऊ हजार. पुढचे बुश आणि लिंक रॉड साडेसहा. या गाडीचे ते जातातच, खड्ड्यात खडखड आली की समजावे. एसीचा कॉम्प्रेसर बसलेला आहे, चौदा हजार सांगतात, मी बदललेला नाही. काचा उघड्या ठेवाव्यात. मागच्या डाव्या काचेचे बटण मात्र मला कधीच जमले नाही.

६. हे कलम फक्त धाकट्यासाठी.

काट्याकडे तुझे लक्ष नव्हते म्हणून गाडी बंद पडली, हे खोटे आहे. काटा वर जाणार हे मला तेवीस दिवस आधीपासून माहीत होते. हे तोंडावर सांगायला मी अनेकदा तुझ्या दारापर्यंत आलो आणि चहा पिऊन परत गेलो. गाडी घ्यायची की नाही ते तू ठरव. पण चावी घेण्याआधी, इंजिन थंड असताना, ऑइलचे झाकण स्वतः उघड आणि आतून नीट बघ. मेकॅनिकला विचारू नकोस. या वेळी मी काही पुसलेले नाही.

ठिकाण : गॅरेजची मागची खोली
दिनांक : नऊ जानेवारी, सकाळी अकरा

साक्षीदार :
१. माझे डॉक्टर (सही)
२. शेजारचा डेंटिंगवाला (सही, पाना आजच आणून दिला)

लिहून देणार : (सही)
धाकट्यासाठी वेगळी सही : दादा