काच बदलायला दिलेला फोन

भाईजान,

माझ्या नवऱ्यानं तुमच्या दुकानात फोन दिला होता, तो फुटलेली काच बदलायला. त्यानं केव्हाच पुसून टाकलेले घाणेरडे व्हिडिओ तुम्ही कसब लावून परत काढलेत आणि जेवायला बसलेल्या अख्ख्या घरासमोर सख्ख्या धाकट्या भावाची अब्रू काढलीत.

माझ्यापाशी तो आधीच रडला होता, तौबा करून मोकळा झाला होता. तौबा केलेला गुनाह अल्लाह पुसतो. तुम्ही त्याच्याही वरचे निघालात. दुसऱ्याचा दोष झाकावा, हे दर शुक्रवारी ऐकून येता ना? वर म्हणालात, "खात्री करायला सगळे शेवटपर्यंत पाहिले." असलं काही दिसलं की नजर खाली ठेवायचा अल्लाहचा हुकूम दुकानात लागू नसावा.

हे पत्र धाडत नाही. तेही चारचौघांत वाचून दाखवाल.

काच अजून फुटकीच आहे.

तुमची भावजय