नाव न घेण्याविषयी

९ मे १९५८, शुक्रवार. मद्रास

सिद्ध करावयाचे ते हे: सौ.ची स्मृती शाबूत आहे.

वासूचे म्हणणे, आईला विसर पडू लागला आहे, इस्पितळात दाखवू. त्याची प्रमाणे: दूध उतू गेले, देवापुढचा दिवा लावून पुन्हा लावायला गेली, सुनेला, इंदूला, लेकीच्या नावाने हाक मारली. हे कोणालाही होते. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला मनुष्य एवढ्यावरून निष्कर्ष काढीत नाही. सांगितले, तंजावरला भाच्याचे लग्न आटोपून येऊ, मग पाहू.

तो म्हणाला, "अप्पा, वाद तुम्हीच जिंकाल. आईचं काय?"

प्रश्न विषय सोडून होता.

११ मे, रविवार. तंजावर

पहाटे निघालो. वासूच्या मित्राची मोटार. वासू, इंदू, सौ. व मी. तिंडिवनमला काफीसाठी थांबलो. रस्त्याकडेचे लहानसे हॉटेल, गर्दी. सौ.ने माझी काफी वरखाली ओतून निववली व पेला पुढे सरकवला. साखर कमी, हे तिनेच पोऱ्याला बजावले होते. नोंद करण्याजोगे.

मग हात धुवायला मागे गेली. परतली नाही. वासू विहिरीपर्यंत धावला. मी पुढच्या पायरीवर आलो तो ती समोरच, एका परक्या मोटारीत मागे बसलेली, हात मांडीवर. तीही मोटार काळीच. त्या मोटारीची माणसे भोवती अवघडून उभी. हॉटेलचे अय्यर तमिळमध्ये विचारीत होते, "अम्मा, तुम्ही कोणाच्या घरच्या? यजमानांचं नाव सांगा, हाक मारतो."

सौ.ने पदर ओठांना लावला. ती काही बोलण्याआत मी पुढे होऊन नाव सांगितले. प्रकरण मिटले.

विचार: दोन्ही मोटारी एका रंगाच्या. आमच्यात बायको नवऱ्याचे नाव उच्चारीत नाही. लग्नकार्यातला उखाणा सोडला तर सौ.ने कधीच उच्चारलेले नाही. तेव्हा तिचे मौन विस्मृतीचे नव्हे, रीतीचे.

हे गाडीत मांडले. इंदू म्हणाली, "मामंजी, नाव नसतील घेत. पण तुम्ही समोर पायरीवर उभे होता. बोट तर दाखवायचं."

विलुप्पुरमपर्यंत सौ. विचारीत होती, "लग्न कोणाचं म्हणालात?" मोटारीच्या आवाजात आधी सांगितलेले ऐकू गेले नसावे.

१२ मे, सोमवार. तंजावर

लग्न लागले. जेवणानंतर बायकांनी नाव घेण्याचा आग्रह धरला. मी खांबाजवळ बसून राहिलो. हीच कसोटी, इथे रीतच नाव मागते.

"मामी, घ्या की! का मामा ऐकताहेत म्हणून?"

सौ. उभी राहिली. स्वच्छ आवाजात म्हणाली,

"कावेरीच्या काठावर जाईचा मळा..."

पुढच्या ओळीचा पहिला शब्द म्हणजे माझे नाव. थांबली. पदर तोंडाला. बायकांनी टाळ्या पिटल्या. "अय्यो, बघा गं! नातवंडं झाली, अजून लाजतात!" कोणीतरी ओळ पुरी केली.

लाजली असेल. पण मी तिचे डोळे पाहत होतो. ती एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती. हसली, ती सगळ्या हसल्यावर.

१४ मे, बुधवार. मद्रास

परतलो. वासूने विचारले, तिंडिवनमला काफी? नको म्हणालो. थांबलो नाही.

१५ मे, गुरुवार

दुपारी घरी दोघेच. सौ. अबोलीची वेणी गुंफत होती. हात कुठे अडत नाही. एरवी याची नोंद पुरावा म्हणून केली असती.

म्हणालो, "इस्पितळात डॉक्टर माझं नाव विचारतील."

"विचारू देत."

"काय सांगशील?"

"तुम्ही असालच की तिथं. तुम्हीच सांगा."

"आता इथं कोणी नाही. एकदा घे."

"काहीतरीच. म्हातारपणी हे काय खूळ!"

"आणि मी नसलो तर?"

तिने दोरा दातांनी तोडला. म्हणाली, "तुम्ही नसता तेव्हा मी कुठं जाते?"



संध्याकाळी वासूस सांगितले, सोमवारची वेळ घे. तो "बरं अप्पा" म्हणाला, आणखी काही नाही. जिंकल्यासारखे बोलला असता तर सोपे गेले असते.

ता. ९ रोजी मांडलेले सिद्ध झालेले नाही. खोटे ठरले, असेही म्हणता येत नाही. एक चूक मात्र माझी आहे, ती येथे कबूल करतो. तिंडिवनमला ती ओठ उघडण्याआत मी नाव सांगितले. क्षणभर थांबलो असतो तर कळले असते. कळू नये म्हणूनच थांबलो नाही, आणि मग त्या मौनाला पुरावा म्हटले.

सही,
टी. राघवेंद्रराव