कोउमेची वार

बेत्सुकाई, १० मे २०१४

चि. मिनोरी हिस अनेक आशीर्वाद.

कोउमे पुन्हा गाभण आहे, सहावा महिना. आधी दोनदा गाभडली. यंदाही तसंच झालं तर तिला ट्रकमध्ये चढवीन, असं गुरांच्या व्यापाऱ्याला कबूल करून बसलोय. तू बाटलीने वाढवलेली गाय, म्हणून कळवतो.

नववर्षाला तू म्हणालीस, की सेरोटोनिन कमी पडलं तर तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरिणींची वार लहान राहते. टीव्हीवाले त्यालाच आनंदाचा रस म्हणतात. म्हणून कोउमेला खूश ठेवायला धारा काढताना दोन्ही वेळा गातो. आणि कुत्रीसारखी सहज सुटका व्हावी म्हणून पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी गरोदर बायकांच्या पोटाला बांधतात ना, तो तुझ्या वेळचा पट्टा आईने तिच्या पोटाला बांधला. पुरेना, तेव्हा जत्रेतलं माझं कमरेचं फडकं जोडलं.

माया आहेच, ती पत्रातही दिसू दे.
तोकुजी

साप्पोरो, १७ मे

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुम्ही गायला लागलात की शेजारी खिडक्या लावतात; गायीने कुठे जायचं? अहो, डोक्यातलं सेरोटोनिन वेगळं. वारेला लागतं ते बरंचसं आतड्यात तयार होऊन रक्तातून येतं. तेही बेताचंच हवं, फार झालं तरी बिघडतं. आणि हे सगळं उंदरांचं. गायीबद्दल उंदरांनी अजून काही सांगितलेलं नाही. तेव्हा गाणं बंद करा.

ट्रकचं वाचून मला जेवण गेलं नाही. बाबा, तिला पाठवू नका ना.

वासरू झालं तर वार बर्फात घालून पाठवा. तिला काय काय दिलंत तेही लिहा. नोंदवहीत काही लपवायचं नाही, अशी आमच्या सरांची शिस्त आहे.

आईला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.
मिनोरी

बेत्सुकाई, ६ सप्टेंबर

चि. मिनोरी हिस आशीर्वाद.

कालवड झाली! पहाटे झाली आणि नाश्त्याआधी उभीही राहिली. व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणालो, आई जवळच उभी राहून ऐकत होती.

वार पडली, पण मी खोकं आणेस्तोवर कोउमेने निम्मी खाल्ली. उरलेली पाठवतोय. खोक्यावर आईने ‘खायचं नाही’ असं लिहिलंय, तुझी खोलीतली मैत्रीण खादाड आहे म्हणून.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या सांगण्यावरून आठवडाभर गायलो नाही. कोउमे पान्हा सोडेना, मान वळवून बघत बसायची. मग पुन्हा सुरू केलं. रागावू नकोस. तुझ्या यंत्रात गाण्याचा अंश सापडतो का, बघ.

पट्टा धुऊन ठेवलाय.
तोकुजी

साप्पोरो, २० सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. मैत्रिणीने उघडलं, वाचलं आणि खाल्लं नाही.

वार तपासली, चांगली जाड आहे. गाणं काही सापडलं नाही. एका गायीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे सरांनी म्हणायच्या आधी मीच त्यांना सांगितलं. पण शिस्त म्हणजे शिस्त. ‘उपचार’ या रकान्यात लिहिलंय: पोटाला पट्टा, एक, वडिलांचं गाणं, रोज दोनदा, मध्ये एक आठवडा खंड. सरांनी वाचलं आणि खाली सही केली.

बाबा, खंड माझ्यामुळे पडला. आता पाडू नका.

तुमची,
मिनोरी