सीझन संपला की पडून राहणारा माणूस

पप्पा, गेल्या आठवड्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कोणाला असं झालंय का?" आणि माझ्याआधी आई बोलली, "आमच्यात असलं कोणालाच नाय." सगळं तिथंच फिरलं, कारण त्याच क्षणी मला तुम्ही आठवलात.

बाई विचारत होत्या, तीन तास झोपूनही ताजं वाटायचं का, डोक्यात विचार पळायचे का, आपल्याला काहीही जमेल असं वाटायचं का. मी हो हो म्हणत गेलो. पप्पा, त्यालाच तर मी प्रेम म्हणत होतो. पाच दिवस न झोपता एका मुलीला मेसेज, मग तिच्या क्लासबाहेर तिच्या वडिलांसमोरच लग्नाची मागणी, आणि त्याच दुपारी मधूनच सोडलेलं कॉलेज. "मला भीती वाटते रे तुझी," एवढंच ती म्हणाली. नंतर दोन महिने मी अंथरुणात.

तुमचं कोणाला कळणार कसं? पिंपळगावच्या पॅकहाउसात द्राक्षांच्या सीझनला झोपतं कोण! तुम्ही एका दमात कंटेनर भरवताय, पॅकिंगच्या बायकांना हसवताय, मला न मागता गिअरची सायकल आणताय, घरात न विचारता दुसरं कोल्ड स्टोरेज भाड्यानं घेताय. लोक म्हणायचे, "शेठ पेटलाय!" सीझन संपला की तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात. लोक म्हणायचे, दमला बिचारा. दवाखान्यात नेलं ते फक्त पडल्यावर. पेटल्याचं डॉक्टरला कोणी सांगितलंच नाही, कारण घराला तोच पेटलेला माणूस हवा होता. त्यांनी उदासीच्या गोळ्या दिल्या. बाई म्हणतात, नुसत्या तसल्या गोळ्यांनी या पेटण्या-पडण्याच्या आजारात माणूस आणखी भडकू शकतो. तुम्ही उठलात ते थांबलातच नाही, आणि मग एकदम कोसळून स्वतःच जीव देऊन निघून गेलात. आई सगळ्यांना अटॅक सांगते.

आज माझ्या गोळ्या ठरायच्या आहेत. मघाशी आई दारात आडवी आली. "ताईला देवळ्याचं स्थळ आलंय. तू तिथं तोंड उघडलंस तर मोडेल."

"मोडू दे."

"मेलेल्या बापाला येडा ठरवतो का रे?"

"तुझ्या लपवालपवीनं मेला तो."

ती मटकन खाली बसली. मी पाणीसुद्धा दिलं नाही. हे लिहितोय तरी ती उंबऱ्याशी तशीच बसलीय, आणि मला तिची दया येत नाही. तुमचीही फारशी येत नाही.

एकच गोष्ट बाईंना सांगणार नाही. मला तुम्ही पेटलेलेच आवडायचात. दहा वर्षांचा होतो, तेव्हा तुमच्या पाठीला म्हणालो होतो, "पप्पा, तुम्ही नाटकं करता." तुम्ही जागेच होतात. मला माहीत होतं, म्हणूनच म्हणालो.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवला नसता. उठतो. आईला ओलांडून बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.